ब्रेकचा लाल दिवा: ऑइल टाकण्याआधी ऑइल गेलं कुठे ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा. २००६ची पेट्रोल वॅगन-आर, ९४ हजार किलोमीटर चाललेली, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. नागपुरात मानेवाड्याहून रिंग रोडला वळताना मीटरमधला ब्रेकचा लाल दिवा लुकलुकायचा, मग सिग्नलला थांबतानाही लागायला लागला. गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल टाकून दिलं आणि "दिवा गेला भाऊ, आता टेन्शन नका घेऊ" असं सांगितलं. बारा दिवसांनी दिवा परत आला, परत ऑइल टाकलं. तीन आठवड्यांत २५० मिलीच्या बाटलीतलं १५० मिलीच्या आसपास संपलं. पुढचे पॅड 'अजून आहेत' म्हणाले. गाडी चालवावी का, आणि नेमकं काय तपासावं?

उत्तर तुमच्याच प्रश्नातल्या १५० मिलीमध्ये आहे. त्याचा हिशोब खाली येतोच, पण त्याआधी गाडी हलवायची की नाही ते ठरवा. इंजिन बंद ठेवा आणि पेडल पाच-सहा वेळा दाबा. बूस्टर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडलला मदत करणारा काळा डबा. त्यातला व्हॅक्यूम संपला की पेडल कडक लागायला लागतं. आता पाय जोरात दाबून अर्धा मिनिट तसाच धरा. पेडल जिथे आहे तिथेच राहिलं पाहिजे. पायाखालून हळूहळू खाली जात असेल तर एकतर ऑइल बाहेर पडतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) आतले रबर दाब धरत नाहीत. तसाच पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकलं पाहिजे, म्हणजे बूस्टर ठीक. सुरू करूनही दगडासारखं कडक राहिलं तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूमचा पाइप बघावा लागेल. पेडल खाली बसत असेल, स्पंजासारखं लागत असेल, किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती टो करूनच न्या. पेडल उंच आणि घट्ट असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू नेता येते. पण वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर किंवा समृद्धी महामार्गावर अजिबात नाही.

आता दिवा कशाने लागतो ते समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी दहा मिनिटांत होते. तुमच्या गाडीच्या पिढीत या दिव्याला बल्बमधून आलेली एक वायर असते आणि तिला दोन ठिकाणी अर्थिंग (बॉडीशी जोडणी) मिळू शकतं: हँडब्रेकच्या लिव्हरखालचा छोटा स्विच आणि ब्रेक ऑइलच्या बाटलीतला फ्लोट, म्हणजे ऑइलवर तरंगणारा तुकडा. कुठूनही अर्थिंग मिळालं की दिवा लागतो. ब्रेक किती दाब देतोय, लायनिंग (पॅड किंवा शूवरचा घासणारा थर) किती उरलंय, डिस्क खराब झाली का, यातलं त्याला काहीच कळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत पॅड संपल्याची खूण म्हणजे पॅडला लावलेली पत्र्याची जीभ. ती डिस्कला घासून किंचाळते, पण मीटरमध्ये काही दाखवत नाही.

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. हँडब्रेक ओढलेला असताना दिवा स्पष्ट लागला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब गेलेला आहे किंवा कोणीतरी वायर काढून ठेवली आहे. सेकंडहँड गाडीत हे बघायला विसरू नका. दिवा त्रास देतो म्हणून बाटलीवरचं कनेक्टर काढून टेप गुंडाळून ठेवलेलं बऱ्याचदा सापडतं. आता हँडब्रेक पूर्ण खाली करा आणि लिव्हर हाताने आणखी थोडी खाली दाबा, मग एक क्लिक वर. दाबल्यावर दिवा जात असेल आणि सोडल्यावर परत लुकलुकत असेल, तर लिव्हर स्विचची दांडी नीट दाबत नाही. स्विचचा स्क्रू सैल करून तो जरा वर घ्या. लिव्हरच्या बुडाशी कचरा, नाणी, शेंगदाण्याची टरफलं साचून ती पूर्ण खाली बसत नाही असंही होतं. शंका राहिली तर स्विचची एकच वायर काढून बघा. दिवा गेला तर दोष तिथेच.

हँडब्रेकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. लिव्हर खाली गेली, दिवा विझला, म्हणून मागची चाकं मोकळी झाली असं समजू नका. केबल आवरणात गंजून अडकलेली असेल तर लिव्हर खाली येते आणि शू ड्रमला लागलेलेच राहतात. पाच-सात किलोमीटर चालवून दोन्ही मागच्या चाकांच्या रिमजवळ हात न्या. एक कोमट आणि दुसरं हात धरवत नाही इतकं तापलं असेल तर केबल बघा.

मग बाटली. गाडी सपाट जागेवर उभी करा. सेमिनरी हिल्सच्या चढावर तपासणी केली तर काहीच कळणार नाही, कारण ऑइल मागे सरकतं आणि फ्लोट पडतो. तुमचा दिवा सुरुवातीला वळणावर आणि ब्रेक मारतानाच लागत होता, त्याचंही हेच कारण. पातळी मिनच्या रेषेजवळ आलेली होती आणि ऑइल हिंदकळलं की फ्लोट क्षणभर खाली जात होता. वायर सैल असेल तर दिवा खड्ड्यात लुकलुकतो. पातळी कमी असेल तर वळणात आणि ब्रेकवर. हा फरक लक्षात ठेवा, अर्धं निदान रस्त्यावरच होतं.

जुन्या गाडीत बाटलीचं प्लॅस्टिक पिवळं पडून अपारदर्शक झालेलं असतं आणि आतल्या बाजूला जुन्या पातळीचा तपकिरी डाग असतो. तो डागच पातळी म्हणून वाचला जातो. बाटलीमागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि दुसऱ्याला गाडी हलवायला सांगा. जी रेषा हलते ती ऑइलची, न हलणारी डागाची. टोपी उघडण्याआधी ती आणि आजूबाजूची जागा ओल्या कपड्याने पुसा. उन्हाळ्यात बोनेटखाली जो मुरूम-धुळीचा थर बसतो, तो टोपी फिरवली की थेट आत पडतो.

पातळी मॅक्सला असूनही दिवा लागलेला असेल तर बाटलीवरचं कनेक्टर काढा. दिवा विझला तर फ्लोट किंवा त्याचा स्विच खराब. विझला नाही आणि हँडब्रेकची वायरही काढलेली आहे, तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. टोपीलाच फ्लोट लटकत असेल तर तपासणी आणखी सोपी. कनेक्टर लावलेलं ठेवून टोपी वर उचला, फ्लोट खाली लटकला की दिवा लागला पाहिजे. बोटाने फ्लोट वर ढकला, विझला पाहिजे. मल्टिमीटर असेल तर टोपीच्या दोन पिनांमध्ये कंटिन्युइटी बघा. फ्लोट वर असताना बीप नको, खाली असताना हवा. जुना फ्लोट कधी कधी चिरतो, त्यात ऑइल शिरतं आणि तो बुडतो, मग बाटली भरलेली असूनही दिवा जात नाही. उपाय एकच, नवी टोपी. २३ सप्टेंबर २०२३च्या पुरात अंबाझरी लेआउट आणि आसपासच्या भागात ज्या गाड्या पाण्यात बुडाल्या, त्यांच्यात या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज आणि हँडब्रेकच्या स्विचमध्ये वाळलेला गाळ असू शकतो. अशा गाडीत आधी पिना साफ करा, मग बाकीचं. आणि तेव्हा ब्रेक ऑइल बदललं नसेल तर आता बदला.

तुमच्या गाडीत मात्र ऑइल टाकल्यावर दिवा जातोय, म्हणजे फ्लोट चोख काम करतोय. आता त्या १५० मिलीचा हिशोब.

ब्रेक ऑइल जळत नाही, बंद व्यवस्थेतून उडून जाण्याचं प्रमाणही नगण्य असतं. पातळी खाली गेली तर ते तीनच ठिकाणी जाऊ शकतं: कॅलिपरच्या आत, गाडीच्या बाहेर, किंवा बूस्टरमध्ये. कॅलिपर म्हणजे पुढच्या चाकात पॅड डिस्कवर दाबणारा भाग. त्यात ऑइल जाणं नैसर्गिक आहे. पॅड झिजला की पिस्टन तेवढा पुढे येतो आणि त्याच्या मागची वाढलेली जागा ऑइल भरतं. ती जागा किती? पिस्टनचा व्यास ४८ मिमी धरा, क्षेत्रफळ साधारण १८ चौरस सेंटिमीटर. नव्या पॅडचं लायनिंग १० मिमी, बदलायची वेळ २ मिमीला, म्हणजे एका पॅडची झीज ८ मिमी. एकाच पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅडची झीज तो एकच पिस्टन भरून काढतो, म्हणून १६ मिमी. १८ गुणिले १.६, म्हणजे एका चाकाला २९ मिली. दोन्ही चाकांचे मिळून ५८ मिली. मागच्या ड्रमचं योगदान फारच किरकोळ. व्हील सिलिंडरचा (ड्रमच्या आत शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचा) पिस्टन १९ मिमीचा, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस सेंटिमीटर, दोन पिस्टन तीन-तीन मिमी बाहेर आले तरी दोन मिलीसुद्धा नाही.

म्हणजे कोरे पॅड लावून ते पूर्ण घासेपर्यंत, हजारो किलोमीटरमध्ये, बाटलीतून ६०-६५ मिली जातं. मॅक्स आणि मिन या रेषा याच हिशोबाने आखलेल्या असतात. पॅड संपत आले की पातळी आपोआप मिनला येते. तुमच्याकडे तीन आठवड्यांत १५० मिली गेलं आणि पॅड अजून आहेत. झिजेने हे होणं शक्य नाही. गाडीत गळती आहे, रोजची सात मिली, दीड चमचा.

याच हिशोबाची दुसरी बाजू ज्यांच्या गाडीत गळती नाही त्यांच्यासाठी. वर्षा-दोन वर्षांत पहिल्यांदाच दिवा लागला, बाहेर कुठे ओल नाही, तर ऑइल टाकू नका, पॅड बघा. पॅड संपलेले असताना बाटली मॅक्सपर्यंत भरली की दिवा गप्प बसतो आणि पॅडचा लोखंडी पाठीचा पत्रा डिस्क कापायला लागतो. शिवाय नंतर नवे पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलला की ते जादा ५८ मिली टोपीतून उसळून बाहेर येतं. ब्रेक ऑइल रंग उतरवतं. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

आता गळती शोधायची. सगळ्यात जास्त वेळा सापडते ती मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरमध्ये, आणि तीच सगळ्यात उशिरा दिसते. गाडीखाली थेंब दिसत नाही म्हणून गळती नाही असं लोक धरून चालतात. दीड चमचा ऑइल ड्रमच्या आत शूच्या लायनिंगमध्ये मुरतं, ब्रेकच्या भुकटीत कालवलं जातं, आणि बाहेर येईपर्यंत त्याचा काळा चिखल झालेला असतो. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर आणि ड्रमच्या मागच्या प्लेटच्या खालच्या कडेला टॉर्च मारा. बाकी सगळं धुळीने भुरकट आणि तिथेच एक काळपट, ओलसर, वरून खाली ओघळलेला पट्टा असेल, तर सिलिंडर गेलाच. पट्टा शॉकअॅब्जॉर्बरच्या गळतीचाही असू शकतो, म्हणून बोटावर थोडं घ्या आणि पाण्याच्या ग्लासात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, शॉकअॅब्जॉर्बरचं किंवा इंजिनचं ऑइल वर तरंगतं. बोलेरोसारख्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत तिथे एक्सलमधलं गिअर ऑइलही येतं, पण त्याचा गंधकासारखा वास लपत नाही.

खात्री ड्रम काढल्यावरच होते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, कारण हँडब्रेक सोडलेला ठेवावा लागतो, नाहीतर ड्रम निघणार नाही. जॅक लावून गाडी स्टँडवर ठेवा. विटा चालत नाहीत, वीट तडकते तेव्हा आधी सांगत नाही. काही गाड्यांचा ड्रम नुसता ओढून निघतो, त्याला दोन आटे असलेली भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट सारखे-सारखे आवळले की तो सुटतो. ज्या ड्रममध्येच बेअरिंग आहे तिथे मधली टोपी आणि नट काढावा लागतो. तो नट चेपून लॉक केलेला असेल तर बसवताना नवा वापरा. आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने टोपीची कड उचला. आत नुसता ओलसरपणा असेल तर ठीक. कड उचलताच थेंब घरंगळला, तर आतला रबरी कप गेला. एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तितकाच जुना आहे, दोन्ही बदला. किट घ्यायचं की अख्खा सिलिंडर? किटमध्ये नुसते रबर येतात. सिलिंडरच्या आतून नख फिरवून बघा. कुठेही खड्डा किंवा गंजाची खरखर लागली तर नवा कप महिनाभर टिकेल आणि परत गळेल. १५-१८ वर्षांच्या गाडीत अख्खा सिलिंडरच घ्यावा.

ऑइल प्यायलेले शू फेकायचे. पेट्रोलमध्ये बुडवून, जाळून, पॉलिश पेपर मारून ते परत लावण्याची पद्धत आहे. एक-दोन दिवस बरी चालते, मग लायनिंग तापलं की आत मुरलेलं ऑइल पृष्ठभागावर येतं आणि एकच चाक ब्रेक धरत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीची मागची बाजू आडवी येते ती इथेच. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. ड्रम धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको, त्यातला अंश रबराला लागला की ते फुगतं. साबणाचं पाणी किंवा ब्रेक क्लीनर पुरे.

मागे काही सापडलं नाही तर पुढे या. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं रबर आणि होज बघा. होज म्हणजे बॉडीपासून कॅलिपरपर्यंतचा रबरी पाइप. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा, होज ताणला जाईल, आणि त्याच्या लोखंडी टोकाजवळ वाकवून बघा. नागपूरच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रबरावर बारीक आडव्या चिरा येतातच. वरवरच्या चिरा चालतील असं काही जण म्हणतात, पण आतला धाग्याचा थर दिसायला लागला किंवा ब्रेक दाबल्यावर होजला फुगा आला, तर त्याच दिवशी बदला. लोखंडी पाइप मागच्या एक्सलजवळ क्लिपखाली गंजतात, क्लिप उघडून बघा. आपल्याकडे कोकणासारखा गंज लागत नाही म्हणून हे कमी सापडतं, पण किनाऱ्याकडून आलेली सेकंडहँड गाडी असेल तर इथूनच सुरुवात करा.

बाहेर चारही चाकं कोरडी आणि तरी ऑइल जातंय, मग उरतं तिसरं ठिकाण. मास्टर सिलिंडर बूस्टरवर दोन नटांनी बसलेला असतो. त्याचा मागचा सील गेला की ऑइल बूस्टरच्या पोटात जमा होतं आणि बाहेर थेंबही येत नाही. पहिली खूण म्हणजे दोघांच्या सांध्याखाली बूस्टरच्या काळ्या रंगाला फोड येऊन तो पापुद्र्यासारखा सुटलेला असतो. खात्रीसाठी ते दोन नट काढून, पाइप न सोडता, मास्टर सिलिंडर सेंटिमीटरभर पुढे ओढा आणि मागे कागद घाला. कागद भिजला की झालं. ऑइल फार साचलं तर ते व्हॅक्यूमच्या पाइपमधून इंजिनमध्ये ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. गॅस्केट गेलं म्हणून हेड उघडण्याआधी हा पाइप काढून आत बोट घालून बघायला दोन मिनिटं लागतात.

ज्या गाड्यांचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि त्याला ब्रेकच्याच बाटलीतून ऑइल जातं, त्यांनी क्लचचे दोन्ही सिलिंडरही बघावेत, एक पेडलच्या मागे आतल्या बाजूला, दुसरा गिअरबॉक्सवर. तुमच्या वॅगन-आरचा क्लच केबलचा, तुम्हाला ही भानगड नाही. एबीएसच्या गाडीत लाल आणि पिवळा असे दोन्ही दिवे एकदम लागले तर पातळी बघाच, पण ती ठीक असेल तर एबीएसचा दोष आहे आणि त्याबरोबर मागच्या चाकांचा दाब सांभाळणारी ईबीडीही बंद झाली आहे. साधा ब्रेक लागतो, जोरात मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. त्याला स्कॅनर लागतो, ऑइल टाकून काही होत नाही. आणि ब्रेकचा दिवा बॅटरीच्या दिव्याबरोबर मंद-मंद जळत असेल तर आल्टरनेटर तपासा. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत.

गळती दुरुस्त झाली की फक्त बाटली भरून सोडू नका, सगळं ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषलेलं असेल तर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दमट, मग मे महिन्यात ४५ अंश, असा दोन्हीकडून मार असतो. शहर सपाट असल्यामुळे जुनं ऑइल रोजच्या वापरात कधी उघडं पडत नाही. ते पडतं चिखलदऱ्याचा किंवा पचमढीचा घाट उतरताना, जेव्हा कॅलिपरमधल्या ऑइलची वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी बदलणं पुरेसं आहे. टोपीवर जे लिहिलंय ते घाला. डॉट ३च्या जागी डॉट ४ चालतं, सिलिकॉनचं डॉट ५ अजिबात नाही. बाटली सीलबंद घ्या. गॅरेजच्या फळीवर सहा महिने उघडी पडलेली अर्धी बाटली त्या फळीवरच राहू द्या.

'ब्रेक ऑइल' हा आपला शब्दच थोडा घातकी आहे. ते तेल नाही, ग्लायकॉलवर आधारित द्रव आहे. तेलच तर आहे म्हणून कोणी बाटलीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं, तर सगळे रबर फुगतात, ब्रेक लागून राहतात, सुटत नाहीत. ओळखायची खूण: टोपीचं रबरी वॉशर फुगून लाटेसारखं झालेलं असतं आणि परत खाचेत बसत नाही. असं असेल तर नुसतं धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून होज, कॅलिपर, व्हील सिलिंडरपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं. तुमच्या गाडीत गॅरेजमध्ये दोनदा ऑइल टाकलं गेलंय, म्हणून हे वॉशर आधी बघून घ्या.

हवा काढायला, म्हणजे ब्लीडिंगला, अर्धा लिटर ऑइल लागतं, एक लिटर असलं तर हात आखडत नाही. निपलला (प्रत्येक चाकाजवळ हवा सोडायच्या छोट्या बोल्टला) ८ किंवा १० मिमीचा रिंग पाना वापरा, फिक्स पान्याने कोपरे जातात. गंजलेल्या निपलला आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि उघडताना पान्यावर हलके टोले द्या, एकदम जोर लावला तर निपल तुटून आतच राहतो. बाटलीतलं जुनं काळं ऑइल आधी सिरिंजने काढा, नवं भरा, मग मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा, म्हणजे डावं मागचं. पुढचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, कारण पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत दोन सर्किट तिरपी जोडलेली असतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबून ऑइल पाण्यासारखं स्वच्छ येईपर्यंत. प्रत्येक सात-आठ दाबांनंतर वरची बाटली बघा, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून.

यात एक चूक जुन्या गाड्यांना हमखास महागात पडते. ब्लीडिंग करताना पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पहिल्या अर्ध्या भागातच फिरतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज असतो. तळापर्यंत दाबलं की सीलची धार त्या खरखरीत भागावरून घासली जाते आणि कालपर्यंत बरा असलेला मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवशी दाब सोडायला लागतो. पेडलखाली दीड इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा, एवढंच.

शू आणि सिलिंडर नवे बसवल्यावर आधी शू आणि ड्रममधलं अंतर जमवा, चाक हाताने फिरताना किंचित घासल्याचा आवाज यावा, अडू नये. हँडब्रेकची केबल त्यानंतर. उलटं केलं तर केबलने शू आधीच उघडलेले राहतात. लिव्हर साधारण ५ ते ८ क्लिकमध्ये घट्ट झाली पाहिजे. दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक हलक्या पायाने वापरा, लायनिंग ड्रमवर बसू द्या. नागपुरातल्या घाट रोडच्या दुकानांतून पार्ट घेताना व्हील सिलिंडरचा जुना नग बरोबर न्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे पिस्टनचा व्यास बदलतो आणि डब्यावरच्या नंबरवरून हे दर वेळी कळत नाही. गाडी एमएच ३१ असो की ४९, पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला आरटीओमध्ये ब्रेक बघतातच, त्यामुळे बिलं जपून ठेवा.

शेवटी बाटली बरोबर मॅक्सला भरा आणि त्या रेषेवर बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहा. पुढचे सात दिवस रोज सकाळी, गाडी त्याच जागी, त्याच दिशेने उभी असताना बघा. पाच मिली जरी कमी झालं तरी पट्टीखाली दीड-दोन मिमीची फट दिसते. फट दिसली तर ऑइल टाकू नका, राहिलेली ठिकाणं तपासा.